दिवा चालू होता, तरी मी "ग्राहक उपलब्ध नाही" टाकलं

शेवटचा_स्टॉप (धागाकर्ता) | मंगळवार, रात्री ११:५२

पार्सलची गाडी चालवतो, साडेतीन वर्षं झाली. इथे एरवी नुसता वाचत असतो. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी सात चाळीसला गाडीत २३ पार्सलं उरली होती. आमचा दिवस अकरा ते आठ. आठच्या आत रनशीटवरच्या (दिवसभराच्या पार्सलांची यादी) प्रत्येक ओळीपुढे काहीतरी पडलंच पाहिजे, एक तर डिलिव्हर्ड, नाहीतर कारण. हब इनचार्जचा फोन आला. "किती राहिलीत?" तेवीस. "रिमार्क टाक आणि ये." कोणता रिमार्क ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. अ‍ॅपमध्ये कारणं चारच आहेत: ग्राहक उपलब्ध नाही, पत्ता अपूर्ण, ग्राहकाने नाकारले, ग्राहकाने पुढची तारीख मागितली. वेळ संपला, असं कारण नाही.

गल्लीच्या कोपऱ्यावर गाडी उभी करून एकेका ओळीवर पहिलं कारण टाकत सुटलो. समोरच्या तळमजल्याच्या घरात दिवा चालू होता, खिडकीतून एक आजोबा खुर्चीत वाचत बसलेले दिसत होते. त्यांचीही ओळ आली, मी बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात त्यांचा फोन वाजला असावा, कारण त्यांनी चष्मा वर करून तो डोळ्यांजवळ नेला. मग उठले, दार उघडलं, बाहेर आले आणि स्वतःच्याच घराची बेल दाबून पाहिली. दोनदा.

शुक्रवारी पार्सल द्यायला गेलो. म्हणाले, "काल बेल वाजली नाही वाटतं." मी म्हणालो, "हो, नसेल वाजली."

पोटासाठी करावं लागतं वगैरे मला माहीत आहे. विचारायचं एवढंच आहे की साहेबांचा शब्द, आठची वेळ आणि खरं, या तिन्ही गोष्टी एकाच गाडीत बसवणारं कोणी आहे का इथे? कसं बसवता?

हलकेघ्या | मंगळवार, रात्री ११:५९

मला एकदा मेसेज आला, "आपण घरी नव्हता." मी त्या वेळी उंबऱ्यात उभा राहून गाडीचीच वाट बघत होतो. मेसेज बायकोनेही वाचला. तेव्हापासून "मी घरीच होतो" या माझ्या वाक्याला घरात किंमत राहिलेली नाही.

पानगळ | बुधवार, सकाळी ७:१०

लिखाण आवडलं. बेल दाबून पाहणारे आजोबा डोळ्यांसमोरून जात नाहीत.

सौदामिनी | बुधवार, सकाळी ८:३५

तुमच्याबद्दल वाईट वाटतं, पण दुसरी बाजूही ऐका.

आईच्या श्वासाच्या मशीनचा एक भाग मागवला होता. त्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी बसले. संध्याकाळी तोच मेसेज. कस्टमर केअरला फोन केला तर पलीकडची मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, आमच्या सिस्टीममध्ये दिसतंय की आमचे सहकारी आले होते, आपण उपलब्ध नव्हता." मी म्हटलं, मी इथेच बसलेय. ती म्हणाली, "सिस्टीममध्ये तसं दिसत नाहीये मॅडम."

पार्सल एक दिवस उशिरा आलं याचा राग नाही हो. खोटं त्या माणसाने बोलायचं आणि नोंदीत खोटारडी मी ठरायचं, हे झोंबतं. "आज जमलं नाही, उद्या आणतो" एवढा मेसेज आला असता तर मी रागावलेही नसते.

घड्याळजी | बुधवार, सकाळी ९:२०

धागाकर्ते, त्या दिवशी रनशीटवर एकूण किती पार्सलं होती?

शेवटचा_स्टॉप | बुधवार, सकाळी ९:४१

१४०. हबमध्ये आहे, रात्री सविस्तर लिहितो.

घड्याळजी | बुधवार, सकाळी १०:०५

मग हिशोब सरळ आहे. नऊ तास म्हणजे ५४० मिनिटं. सकाळी स्कॅन करून गाडी भरायला ५०, जेवायला ३०, हबवरून रूटवर जायला-यायला ४० धरू. उरली ४२०. भागिले १४०, म्हणजे एका पार्सलला तीन मिनिटं. या तीन मिनिटांत गाडी चालवणं, जागा शोधणं, डबा हुडकणं, जिना, बेल, ओटीपी सांगताना ग्राहकाने चष्मा शोधणं आणि परत खाली येणं, सगळं बसवायचं.

तुम्ही ११७ दिलीत. म्हणजे एकाला साडेतीन मिनिटांच्या आसपास. हा वेग वाईट नाही, चौथ्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर नुसतं चढणं-उतरणं त्यातलं बरंचसं खातं. या वेगाने उरलेल्या तेवीसला आणखी ८३ मिनिटं लागली असती. तेव्हा ते खोटं सात चाळीसला जन्मलं असं मला वाटत नाही. सकाळी रनशीट निघाली तेव्हाच ते गाडीत चढलेलं होतं, संध्याकाळी फक्त तुमच्या हातून उतरलं.

सत्यव्रत | बुधवार, दुपारी १२:१५

हिशोब छान आहे, पण पळवाट आहे. सांगणारा कोणीही असो, बटण दाबणारा अंगठा तुमचा होता. पटत नसेल तर नोकरी सोडावी. स्वाभिमान विकून मिळवलेली भाकरी पचत नाही.

हलकेघ्या | बुधवार, दुपारी १२:१९

सत्यव्रत, हा प्रतिसाद ऑफिसच्या वेळेत लिहिलाय का? सहज विचारलं.

सत्यव्रत | बुधवार, दुपारी १२:४०

जेवणाची सुट्टी होती.

ड्रॉपडाउन | बुधवार, दुपारी २:३०

इथे मला कबुली द्यायलाच हवी. मी अशी अ‍ॅप बनवतो. (धागाकर्त्यांचं नव्हे, दुसऱ्याच एका ग्राहक कंपनीचं. पण सगळ्यांचा तोंडावळा सारखाच.)

पहिल्या आवृत्तीत आम्ही पाच कारणं दिली होती. पाचवं होतं "वेळ अपुरा पडला". चाचणीच्या पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं कारण तेच. बैठकीत आम्हाला वाटलं, वा, केवढी उपयोगी माहिती मिळाली. समोरून निरोप आला की हे कारण काढून टाका, ड्रायव्हर त्याचा गैरवापर करतात. काढलं. पुढच्याच आठवड्यात "ग्राहक उपलब्ध नाही" तेवढ्याच प्रमाणात वाढलं. आलेख मीच काढला होता.

मग तक्रारी आल्या म्हणून जीपीएसचं कुंपण घातलं. पत्त्यापासून ठरावीक अंतराच्या आत असल्याशिवाय रिमार्क पडायचा नाही. त्यानंतर फोन केल्याची नोंद सक्तीची केली. परिणाम काय? आता ड्रायव्हर घरापाशी जातो, एक रिंग देऊन कापतो आणि मग खोटं टाकतो. म्हणजे खोटं बोलण्यासाठीही गाडी दारापर्यंत न्यावी लागते. वेळ वाचवायला काढलेली युक्ती होती, तीही आम्ही वेळखाऊ करून ठेवली.

सौदामिनी | बुधवार, दुपारी २:५२

ती एक रिंग! मला वाटायचं रेंजचा प्रॉब्लेम आहे.

कोपरा_मास्तर | बुधवार, दुपारी ३:४०

ड्रॉपडाउन यांचा आलेख म्हणजे चार्ल्स गुडहार्टचं जिवंत उदाहरण. १९७५ मध्ये या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने चलनधोरणाबद्दल जे मांडलं, त्याचा आज रूढ झालेला मथितार्थ असा की मोजमापच उद्दिष्ट झालं की ते मोजमाप म्हणून कामातून जातं. प्रयत्न मोजायला लागलात की प्रयत्नांची नोंद वाढते, प्रयत्न वाढतीलच असं नाही.

अवांतर: अमेरिकेत पार्सल पोस्ट १ जानेवारी १९१३ ला सुरू झालं, आणि त्याच महिन्यात ओहायोतल्या एका जोडप्याने आपलं तान्हं बाळ पोस्टाने आजीकडे धाडलं. टपालखर्च १५ सेंट. नियमात वजनाची मर्यादा होती, माणूस चालणार नाही असं तेव्हा कुठे लिहिलेलं नव्हतं.

हलकेघ्या | बुधवार, दुपारी ३:४४

आणि आजी उपलब्ध नसती तर? बाळ रात्रभर हबमध्ये, सकाळी दुसरा अटेम्प्ट, तिसऱ्या अटेम्प्टनंतर पाठवणाऱ्याकडे परत.

पानगळ | बुधवार, दुपारी ४:०२

तिसऱ्या अटेम्प्टपर्यंत इनचार्जनेच दत्तक घेतलं असतं :)

मधला_माणूस | बुधवार, रात्री ९:३०

सहा वर्षं हब इनचार्ज आहे. दुपारपासून धागा वाचतोय. लिहू की नको करत होतो.

धागाकर्त्यांचे साहेब जे बोलले ते वाक्य मी जवळजवळ रोज बोलतो. "रिमार्क टाक आणि ये." यातलं "कोणता" मीही कधी तोंडाने उच्चारत नाही, आणि ते मुद्दामच. उद्या चौकशी झाली तर मी खोटं टाकायला सांगितलं असं कोणाला म्हणता येऊ नये.

आता माझं ऐका. सव्वाआठला वरून कॉल असतो. स्क्रीनवर सगळ्या हबची यादी, लाल-हिरवी. "ग्राहक उपलब्ध नाही" गेलं तर दोष ग्राहकाचा, हब हिरवं. ओळ कोरी राहिली की "प्रयत्न केला नाही", हब लाल. लाल हबवाल्याला सगळ्यांसमोर दहा मिनिटं उभं करतात. "माझ्याकडे दोन गाड्या कमी आहेत" हे वाक्य त्या कॉलवर मी पहिल्या वर्षी तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा उत्तर आलं, "बाकीच्या हबना जमतं, तुम्हालाच कसं जमत नाही?" बाकीच्या हबना कसं जमतं ते मला नंतर कळलं. तेही माझ्यासारखेच हिरवे होते.

त्यामुळे वर कोणालाच खरं दिसत नाही. गाड्या पुरेशा आहेत असंच दिसतं. मी रोज हिरवं दाखवतो, म्हणून मला जादा गाडी मिळत नाही. हे कळूनही उद्या सव्वाआठला मी हिरवाच असेन. शिव्या घालायच्या तर घाला.

घड्याळजी | बुधवार, रात्री ९:४८

शिव्या नाहीत. या धाग्यातला सगळ्यात उपयोगी प्रतिसाद आहे हा.

सत्यव्रत | बुधवार, रात्री १०:१५

उपयोगी असेल, पण याला कबुली म्हणायचं की निगरगट्टपणा? ड्रायव्हरचं एक वेळ समजू शकतो. तुमच्या हाताखालच्या पंधरा-वीस लोकांना तुम्ही रोज खोटं बोलायची सवय लावताय, आणि तीही जबाबदारी त्यांच्याच गळ्यात राहील अशा बेताने.

मधला_माणूस | बुधवार, रात्री १०:२१

यावर माझ्याकडे उत्तर नाही.

कलमबहाद्दर | गुरुवार, सकाळी १०:५०

कायद्याकडे कोणीच वळलेलं नाही म्हणून लिहितो. मुदतीच्या दडपणाचे रस्त्यावर काय परिणाम होतात याची दखल अनेक ठिकाणी घेतली गेली आहे. युरोपीय संघाच्या ५६१/२००६ या नियमावलीत साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. तिच्या कलम १० नुसार, सुरक्षितता धोक्यात येत असेल तर अंतर, मालाचं प्रमाण किंवा पोचवण्याचा वेग यांच्याशी जोडून ड्रायव्हरला पैसे वा बक्षीस देता येत नाही. अमेरिकेत जानेवारी २०१६ पासून, सुरक्षेचे नियम मोडण्यासाठी ड्रायव्हरला धमकावणं हेच वेगळं उल्लंघन धरून दंड होतो.

मात्र दोन्ही मुख्यतः मोठ्या मालवाहू गाड्यांसाठी आहेत. युरोपातली मर्यादा साधारण साडेतीन टनांची, आणि घरोघर फिरणारी व्हॅन बहुधा तिच्या खाली बसते. शिवाय दोन्हींचा रोख अपघातावर आहे. "खोटी नोंद कर" या तोंडी, अर्धवट हुकमाला त्यात कुठे जागा नाही. अलीकडचा युरोपीय निर्देश (२०२४/२८३१) थोडा पुढे जातो. अ‍ॅपसारख्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर काम करणाऱ्याचं खातं बंद करण्याचा निर्णय नुसत्या यंत्राने घ्यायचा नाही, माणसाने घ्यायचा, असं तो म्हणतो. सदस्य देशांना कायदे करायला २ डिसेंबर २०२६ पर्यंत मुदत आहे.

हलकेघ्या | गुरुवार, सकाळी १०:५८

मुदत पाळली नाही तर "सदस्य देश उपलब्ध नाही" टाकतील.

उलटटपाली | गुरुवार, दुपारी १:२५

सगळे कंपनीवर घसरलेत म्हणून थोडं उलट. मुदत कंपनीच्या डोक्यातून येत नाही, आपल्याला हवी असते. "उद्या मिळेल" आणि "चार दिवसांत मिळेल" यांत आपण काय निवडतो? डॉमिनोजने अमेरिकेत अर्ध्या तासाची हमी दिली तेव्हा लोक घड्याळ लावून बसायचे. एका अपघाताच्या खटल्यात ज्युरीने प्रचंड भरपाई ठोठावल्यावर, डिसेंबर १९९३ मध्ये, ती हमी मागे घेतली गेली. तोवर ग्राहकांपैकी किती जणांनी "सावकाश या" म्हटलं असेल?

सौदामिनी | गुरुवार, दुपारी १:५०

मी तरी चार दिवस निवडते. पण चार दिवस सांगून पाचव्या दिवशी "आपण घरी नव्हता" आलं तर?

कोपरा_मास्तर | गुरुवार, दुपारी २:१०

शिवाय वेग ठरवताना ग्राहकाला माहिती असते का, हाही प्रश्न आहे. मार्च २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉनने ट्विटरवर अमेरिकेच्या एका लोकप्रतिनिधीला टोला हाणला की आमच्या कामगारांना बाटलीत लघवी करावी लागते वगैरे गोष्टींवर तुमचा खरंच विश्वास आहे का. २ एप्रिलला माफी मागून मान्य केलं की ड्रायव्हरना रस्त्यात स्वच्छतागृह शोधताना अडचण येते. ऑर्डरचं बटण दाबणाऱ्या ग्राहकाला हे कोणत्या पानावर दिसत होतं?

चाक_थांबलं | गुरुवार, रात्री १०:४०

मी पाच वर्षं गाडी चालवली, आता दुसरं काम करतो. धागाकर्त्यांनी "कसं बसवता" विचारलंय, त्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. माझं सांगतो. फार शौर्याचं नाही.

मी नाही म्हणत नव्हतो. फोनवर "हो साहेब" म्हणायचो आणि लगेच ग्रुपवर एक ओळ टाकायचो: "७:४५, १९ पार्सलं बाकी, या पत्त्यांवर पोचलो नाही, रिमार्क टाकायला सांगितलंय." बस. कोणावर आरोप नाही, उपदेश नाही. मग अ‍ॅपमध्ये जे टाकायचं ते टाकायचो. म्हणजे खोटंही बोललो आणि खरंही लिहून ठेवलं. सत्यव्रतांना चालणार नाही, ठीक आहे.

तिसऱ्या आठवड्यात माझा रूट बदलला. जिने जास्त आणि गाडी लावायला जागा नाही, असा एक रूट प्रत्येक हबमध्ये असतो. तो मला. नोकरी गेली नाही. पण दोन महिन्यांनी एका महागड्या पार्सलचा वाद झाला. ग्राहक म्हणाला, कोणी आलंच नव्हतं. कंपनी म्हणाली, ड्रायव्हरने खोटा रिमार्क टाकला, भरपाई त्याच्या पगारातून. वर्षभर ज्यांनी "टाक आणि ये" म्हटलं त्यांपैकी एकालाही त्या दिवशी काही आठवेना. मी ग्रुपमधली ती ओळ तारखेसह दाखवली. पगार वाचला.

धागाकर्ते, अ‍ॅपमध्ये पाचवं कारण नसेल तर ते स्वतःच्या हाताने कुठेतरी लिहून ठेवा. इनचार्जचं खोटं ज्या दिवशी उघडं पडतं, त्या दिवशी ते तुमचं एकट्याचं झालेलं असतं.

मधला_माणूस | गुरुवार, रात्री ११:०५

खरं आहे. असा एक पोरगा माझ्याकडेही होता. रूट मीही बदलला होता.

सौदामिनी | शुक्रवार, सकाळी ८:१५

चाक_थांबलं यांनी पगाराचं सांगितलं, पटलं. पण मूळ लेखात एक गोष्ट आहे जिच्याबद्दल कोणीच बोललं नाही. गुरुवारचं खोटं साहेबांच्या सांगण्यावरून, मान्य. शुक्रवारी आजोबांना "नसेल वाजली" म्हणायला कोणी सांगितलं होतं? तेव्हा फोन नव्हता, आठ वाजायचे नव्हते, पार्सल हातात होतं.

आणि आदल्या दिवशी आजोबा समोर दिसत होते तर उतरून देऊन का नाही टाकलं? खोचक नाही, खरंच विचारतेय.

शेवटचा_स्टॉप | शुक्रवार, रात्री ११:३०

दोन दिवस हेच दोन प्रश्न येतील म्हणून धागा उघडायला घाबरत होतो.

दुसऱ्याचं उत्तर आधी. देता आलं असतं. त्यांचा डबा मागच्या दाराशीच होता, दीड मिनिटाचं काम. पण त्या वेळी मला घर दिसत नव्हतं, ओळ दिसत होती. तेवीस, बावीस, एकवीस. आजोबा दिसले ते सतरावर. बटण दाबून झालं होतं, आणि एकदा दाबलं की ती ओळ दुसऱ्या दिवशीच्या रनशीटपर्यंत बंद होते. ते बेल दाबत होते तेव्हा मी सोळावर होतो.

पहिल्याचं उत्तर नाही. तोंडातून निघून गेलं. सवयीने निघालं असं म्हणावंसं वाटतं, पण तेही बरोबर नाही, कारण मी दोन सेकंद थांबलो होतो.

चाक_थांबलं, आज तुमच्यासारखी ओळ टाकली. ९ बाकी होती. पाच मिनिटांत साहेबांचा फोन: "हे ग्रुपवर नको टाकत जाऊस, मला पर्सनल पाठव." पर्सनल पाठवलं. वाचलं गेलं, उत्तर नाही. रूटचं सोमवारी कळेल.

चाक_थांबलं | शुक्रवार, रात्री ११:४४

पर्सनलचाही स्क्रीनशॉट काढून ठेवा. आजच.

ड्रॉपडाउन | शनिवार, सकाळी ११:२०

काल आमच्या बैठकीत पाचव्या कारणाचा विषय पुन्हा काढला. "पुढच्या तिमाहीत बघू" असं ठरलं. म्हणजे आमच्याकडचा पुढच्या तारखेचा रिमार्क.

शेवटचा_स्टॉप | शनिवार, रात्री १०:१०

आज त्याच गल्लीत पार्सल होतं, शेजारच्या घराचं. ते देऊन आजोबांच्या दाराशी गेलो. दाराला नवी बेल. पांढरी, वरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही.

दाबली. मोठ्याने वाजली. आजोबांनी दार उघडलं आणि माझ्या हातात काही नाही हे बघून गोंधळले. म्हटलं, आजोबा, त्या गुरुवारी मी बेल वाजवलीच नव्हती. कोपऱ्यावर गाडीत बसून मेसेज टाकला. तुमची बेल चालू होती.

ते काही बोलले नाहीत. बेलकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे जुनी चांगली होती."

हलकेघ्या | शनिवार, रात्री १०:२२

जुनी टाकून दिली का त्यांनी?

शेवटचा_स्टॉप | शनिवार, रात्री १०:३१

विचारलं. माळ्यावर आहे म्हणाले. उद्या मला सुट्टी आहे, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन अकराला बोलावलंय.

हलकेघ्या | शनिवार, रात्री १०:३३

अकरा म्हणजे अकरा हं.